ज्वालामुखीचं मौन

“मौन म्हणजे मौन, मालिनी! पाटीवर लिहिलंस तरी ते बोलणंच. खुणा कर हवं तर, त्या देवानं मुक्या जिवांनाही दिल्यात. आणि चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओठ उघडायचे नाहीत. कालनिर्णयात वेळ छापली म्हणून चंद्र उगवत नसतो!”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण निरांजन लावताना मालिनीच्या कानात हा आवाज अजून घुमतो. त्यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही. सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी, सगळं सांभाळून बदलापुरातल्या कात्रपच्या भजनी मंडळातही ती पहिल्या ओळीत. “माझं व्रत आणि माझं काम कधी एकमेकांच्या पायात येत नाही हो!” असं ती बायकांना मान उंच करून सांगायची. मान उंच करून सांगितलेलं देव फार लक्ष देऊन ऐकतो. आणि मग गालातल्या गालात हसतो.

त्याचं असं झालं. मालिनीचा थोरला भाऊ किसन हा ‘ज्वालामुखी’चा गायक. ‘ज्वालामुखी’ म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यातल्या पोरांनी तरुणपणी काढलेला रॉक बँड. तेव्हा पोरांचे केस खांद्यापर्यंत होते. आता काहींचे कानांच्या वर उरले होते, काहींचे तेवढेही नाहीत. पण किसनदादाचा आवाज मात्र भोंग्यासारखा खणखणीत. तोच आवाज एका ऑपरेशनने काढून घेतला. “हळूहळू येईल,” डॉक्टर म्हणाले. महिने गेले, पण आवाज आला नाही. दादा गळ्याभोवती मफलर गुंडाळून खिडकीशी बसू लागला.

तेव्हा मालिनीने दोन गोष्टी केल्या. एक उघड, एक गुपचूप. उघड ही, की दादाचा हात हातात घेऊन म्हणाली, “तुझं गाणं मी स्टेजवरून गाईन. तू समोर बस आणि ऐक.” गुपचूप ही, की दादाच्या आवाजासाठी दर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत मौन आणि निर्जळी उपास धरला. व्रत बोलून दाखवलं की फळ जातं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. घरात संदीपरावांना कळलं होतं, पण बायको महिन्यातून एक दिवस गप्प बसते, ही गोष्ट कुठला नवरा चारचौघांत सांगून दृष्ट लावून घेईल?

व्रताची शेवटची संकष्टी उजाडली. कार्यक्रम त्यानंतरच्या रविवारी होता. सगळं कसं छान बसलं होतं! आणि फोन वाजला.

“मालिनीताई, मी भगवंत!”

भगवंत म्हणजे बँडचा गिटारवाला आणि म्होरक्या. एरवी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सेल्समन. हा माणूस तीन पायांचं टेबल चार पायांचं म्हणून विकेल, आणि गिऱ्हाईक चौथा पाय घरी जाऊन शोधत बसेल, अशी ह्याची जीभ!

“ऐका, रविवारी मैदान लग्नाला दिलंय. शेठ म्हणतो, आजच करा. आज संध्याकाळी! चालेल ना?”

मालिनीने रिसीव्हर कानाला धरून जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही!

“गप्प आहात म्हणजे चालेल! मला वाटलंच, तुम्ही आढेवेढे घेणाऱ्यातल्या नाही. किसन पहिल्या रांगेत असणार हं! या वेळेवर!” फोन बंद.

मालिनीने गणपतीकडे पाहिलं. गणपतीने उंदराकडे पाहिलं. मग तिनं हिशेब मांडला. आपल्याकडचा कार्यक्रम, उशिरा सुरू होणारच. आधी सत्कार, मग दीपप्रज्वलन, मग दीपप्रज्वलन करणाऱ्यांचा सत्कार. तोवर चंद्र काय, सूर्यसुद्धा उगवेल! तिनं देवाला हात जोडले आणि पिशवीत तांब्या, दूर्वा आणि एक उकडीचा मोदक घेऊन निघाली.

पण कार्यक्रमाचा खर्च उचलणारे शेठ लछमनदास पडले व्यापारी माणूस. “टाइम पे शुरू, टाइम पे खतम! नऊ के बाद लोडशेडिंग का भरोसा नहीं!” उल्हासनगरचं मैदान गच्च भरलेलं. सिंधी कुटुंबं खुर्च्यांवर, अंबरनाथ-बदलापूरची मंडळी सतरंजीवर, आणि पहिल्या रांगेत मफलर गुंडाळलेला किसनदादा. स्टेजच्या मागे, पूर्वेला, तीन मजली बॅनर. त्यावर आग ओकणारा डोंगर आणि खाली ‘नव्या गायिकेसह पुन्हा पेटतोय ज्वालामुखी!’

भगवंतने मालिनीच्या साडीवर दादाचं जुनं चामड्याचं जाकीट चढवलं. बाह्यांमधून तिची बोटंही दिसेनात.

“कसं वाटतंय, ताई?”

मालिनी गप्प.

“टेन्शन आलं? एक ‘सा’ लावून दाखवा बघू.”

मालिनीने ओठांवर बोट ठेवलं, मग गळ्याकडे दाखवून हात हलवला. म्हणजे, आज गळ्यातून शब्द निघणार नाही.

भगवंतचा चेहरा चुन्यासारखा झाला. “अरे मिलिंद! मेलो! ताईंचा घसा बसला!”

मिलिंद ड्रमवाला. तो स्क्रू पिळता पिळता शांतपणे म्हणाला, “बसला तर उठव की. बोंबलून काय उठणारे?”

मग काय विचारता! ज्येष्ठमध आलं, मीठ-पाण्याच्या गुळण्या आल्या, कुणी हळद-दूध आणलं, कुणी मिरी आणली. मालिनीची प्रत्येक वस्तूला मान नाही, नाही. निर्जळी उपास! शेवटी शेठजी स्वतः ताटलीत पापड घेऊन आले.

“दीदी, पापड खाओ. सिंधी पापड से मुर्दा भी बोलता है!”

मालिनीने हात जोडले.

“पापड को भी ना?” शेठजींना घरात कुणीतरी गेल्यासारखं वाईट वाटलं. “भगवंत, केस सीरियस है!”

मालिनीने शेवटचा उपाय केला. दोन्ही हातांनी हवेत मोठ्ठा गोल काढला आणि वर आकाशाकडे बोट दाखवलं. चंद्र! आता तरी कळेल!

“भाकरी!” भगवंत ओरडला. “भूक लागलीय! घसा नाही, पोट! अरे, वडापाव आणा कुणीतरी!”

मान जोरात नाही. पुन्हा गोल, पुन्हा वर बोट.

“मोठा गोल… वर… फोकस! डोळ्यांवर लाईट येतोय! ए, वरचा फोकस फिरव रे!”

वरचा फोकस फिरला आणि नेमका सतरंजीवर झोपलेल्या एका बाळाच्या तोंडावर स्थिरावला. बाळाने असा काही सूर लावला, की मागच्या रांगेतले लोक म्हणाले, “चला, शुरू हुआ!”

पडदा सरकला. मिलिंदने काठ्या आपटल्या, भगवंतची गिटार किंचाळली. दादाच्या ‘भट्टी पेटव’ या गाण्याची सुरावट सुरू झाली. गाण्याची ओळ आली… आणि मालिनी गप्प. ओळ निघून गेली. भगवंतने पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. ओळ आली, गेली. पुन्हा वाजवलं. दारात पाहुणा यावा, आतून कुणीच ‘या’ म्हणू नये, आणि त्याने बापडा कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा यावं, तशी त्या ओळीची गत झाली.

मालिनीची मात्र नजर मागे. चंद्र पूर्वेला, आणि पूर्वेला तो मेला बॅनर! ती प्रेक्षकांकडे पाठ करून, टाचा उंचावून, मान वाकडी करकरून बॅनरच्या कडेने आकाश शोधत होती. लांब बाह्या हवेत लोंबत होत्या.

“क्या स्टाइल है यार!” खुर्च्यांवरून आवाज आला. “पब्लिक को भाव ही नहीं देती!”

“इसको बोलते रॉकस्टार!”

शिट्ट्या वाजल्या. दोन पोरं उठून पाठमोरी नाचू लागली, मग दहा, मग अर्धं मैदान. पण पहिल्या रांगेतला किसनदादा नाचत नव्हता. त्याने मफलरचं टोक मुठीत आवळलं होतं. त्याचं गाणं कितीदा तरी दारापर्यंत येऊन परत चाललं होतं. मालिनीने वळून त्याच्याकडे पाहिलं. आता तोंड उघडावं, तर दादाच्या आवाजासाठी धरलेलं सगळं व्रत मातीत. न उघडावं, तर दादाला दिलेला शब्द मातीत. देवा गजानना, एका जिभेला तू दोन-दोन वचनं का रे अडकवलीस?

इकडे भगवंतला घामाच्या धारा. तो मान वर करून कळवळला, “हे देवा! ताईंचा आवाज येऊ दे! माझा घे हवा तर! एक अख्खा दिवस मी तोंड उघडणार नाही! शप्पथ!”

त्याच्या दुर्दैवाने समोरचा माईक चालू होता. “शप्पथ… शप्पथ… शप्पथ…” मैदानाने ऐकलं, बाजूच्या इमारतींनी ऐकलं, आणि फर्निचर बाजारातल्या त्याच्या मालकाने तर टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात मालिनीने हताश होऊन पुन्हा तो गोल काढला. ड्रम वाजवता वाजवता मिलिंदचा हात थबकला. “ए भगवंत! आमच्या बिल्डिंगमधल्या भागीरथीकाकू माहितेत? दर महिन्याला मला गच्चीवर पिटाळतात, ‘मिलिंद, चंद्र दिसला का बघून ये, मला जेवायचंय!’ आज सकाळीच म्हणाल्या, संध्याकाळी घरी रहा म्हणून!”

“मग?”

“मग काय मग! ताईंची संकष्टी आहे रे बैला! त्यांना चंद्र पाहिजे!”

मालिनीने इतक्या जोरात होकाराची मान डोलावली, की अंबाडा सुटला. केस पाठीवर. मैदान वेडं झालं!

मिलिंद आमचा बुद्धविहारात जाणारा, संकष्टीशी त्याचा संबंध फक्त काकूंच्या गच्चीपुरता. पण ताईंचा चंद्र अडलाय म्हटल्यावर तो काठ्या फेकून बॅनरकडे धावला. एक दोरी सोडली, दुसरी ओढली. आग ओकणारा डोंगर आधी कंबरेत वाकला, मग गुडघ्यांत, आणि फडफडत धाडकन खाली!

मागे, पाण्याच्या टाकीच्या वर, तांबूस, तुपात घोळवलेल्या पुरणपोळीसारखा चंद्र.

सगळं मैदान “हाऽऽऽ” करून उभं राहिलं. “इफेक्ट देखो! कितना खर्चा किया होगा!” लोक शेठजींकडे कौतुकाने पाहू लागले, आणि शेठजींनीही नम्रपणे मान लववली.

मालिनीने पिशवीतून तांब्या काढला, चंद्राला अर्घ्य दिलं. ते बरंचसं भगवंतच्या गिटारवर पडलं आणि ती चिर्रर्र करून किंचाळली. हात जोडले, मोदक तोंडात टाकला. आणि मग सकाळपासून कोंडलेला आवाज, उपासाने धारदार झालेला, माईकवर आदळला.

“गणपती बाप्पाऽऽऽऽ!”

“मोरयाऽऽ!” खुर्च्या, सतरंज्या, गच्च्या, सगळे एका सुरात. तशा आरोळीनंतर गाणं थांबतंय कुठे? मिलिंदने काठ्या उचलल्या आणि भट्टी पेटली! मालिनी अशी गायली, अशी गायली, की भजनी मंडळाच्या बायका सतरंजीवरून टाळ वाजवायला लागल्या. जाकिटाच्या बाह्या पंख्यासारख्या फिरत होत्या. शेवटच्या सुराला तिनं हात वर केला, मैदान क्षणभर गप्प झालं, आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून एक खरखरीत, गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला.

“मालू… दुसरं कडवं खाल्लंस!”

किसनदादा! स्वतःच दचकून त्याने गळ्याला हात लावला. पुन्हा बोलून पाहिलं. “खाल्लंस की नाही? मोदकाबरोबर?”

इतक्या महिन्यांनी आवाज आला, तो चूक काढत आला! मालिनी रडता रडता हसत सुटली. आणि मग ‘ज्वालामुखी’ने दुसऱ्या कडव्यासाठी अख्खं गाणं पहिल्यापासून वाजवलं.

शेठजी स्टेजमागे पेढे घेऊन हजर. “दीदी, अगला शो पक्का! बस, वो पीठ करके चुप रहने का आइटम रखना। और चाँद तो मंगता ही मंगता!”

पुढच्या संकष्टीला मालिनी दादाकडे फळं घेऊन अंबरनाथला गेली. वाटेत भगवंतचं घर. दार उघडंच होतं. माईकवरची शप्पथ फेडायला उपासही धरलेला भगवंत इस्त्रीचा शर्ट घालून, ओठ शिवल्यासारखे घट्ट मिटून, चपला शोधत होता. मालिनीला पाहून त्याने ओठांवर बोट ठेवलं. त्याची बायको गोदू स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिचे डोळे भरून आले होते.

“मालिनीताई, आपल्या घरात घड्याळ आहे, ते टिकटिक करतं, हे मला आज लग्नानंतर पहिल्यांदा कळलं हो!” मग ती जवळ सरकून कुजबुजली, “तुमच्या गणपतीला एवढं विचाराल का? एका दिवसाचं वर्षभराचं करून मिळतं का ते?”

मालिनीने, बोलायला पूर्ण मोकळी असूनही, तोंडाला पदर लावला.

भगवंत पायऱ्या उतरला. खाली वाणी उभा होता. “काय भगवंतशेठ, आज गप्प गप्प? तब्येत बरी ना?”

भगवंतने दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढला आणि वर बोट दाखवलं.

“अस्सं होय!” वाणी म्हणाला आणि शेजारच्या गाडीवरून त्याला एक ताजा बटाटेवडा आणून दिला.

भगवंतने वड्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, वडा कपाळाला लावून वाण्याच्या हातात परत ठेवला, आणि दिवसभर सोफे विकायला मुकाट्याने उल्हासनगरच्या रस्त्याला लागला.