पोटाशी धरलेलं पाणी

रविवारी सकाळी साडेआठला इन्क्यूबेटरचा हिरवा दिवा विझला आणि चारुताच्या तोंडचं पाणी पळालं. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. नवीन पनवेलच्या त्या कॉलेजचा वॉचमन दारात येऊन सांगून गेला की केबल जळालीय, आज काही वीज येत नाही. जनरेटर होता, पण त्याच्या खोलीची किल्ली प्राचार्यांच्या जुडग्यात होती आणि जुडगा प्राचार्यांबरोबर एका लग्नाला गेला होता.

इन्क्यूबेटरमध्ये बोटाएवढ्या नऊ बाटल्या होत्या आणि त्या नऊ बाटल्यांत चारुताचं पुढचं वर्ष होतं. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीत लोक झऱ्याचं पाणी पितात. ते गाळायला तिने वाळू आणि कोळसा भरून एक मडकं तयार केलं होतं. मडकं काम करतं की नुसतंच शोभतं, हे ठरवायला सोमवारी अकरा वाजता समिती बसणार होती. समिती हो म्हणाली तर संशोधन पुढे चालू, नाही म्हणाली तर मडक्यात मोगरा लावायचा.

तीन बाटल्यांत झऱ्याचं पाणी होतं, तीनमध्ये मडक्यातून गाळलेलं आणि तीनमध्ये तुलनेसाठी प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. प्रत्येकीच्या तळाशी औषध. सदतीस अंशांच्या उबेत दोन दिवस ठेवलं की घाण पाणी काळं पडतं आणि चांगलं जसंच्या तसं राहतं. शनिवारी सकाळी दहाला आत गेलेल्या बाटल्यांना सोमवारी दहापर्यंत ऊब हवी होती, आणि मोजून हवी होती.

तिच्याच वर्षाचा, संशोधनातला तिचा जोडीदार प्रणित याने बाटल्या उन्हात ठेवायचं सुचवलं, मग भाताच्या कुकरमध्ये ठेवायचं सुचवलं. शेवटी चारुताने गाइडना, म्हणजे कृष्णकांत सरांना फोन लावला.

सर अजिबात घाबरले नाहीत. उलट खूश झाले. "आमच्या वेळी कुठे होते इन्क्यूबेटर? आम्ही बाटल्या पोटाला बांधून गावोगाव हिंडायचो. माणूस सदतीस अंशांवरच चालतो. बांध आणि दर तासाला तापमान लिही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

प्रणित लगेच शर्ट खोचायला लागला. म्हणाला, पोटाच्या बाबतीत आपली उमेदवारी बिनविरोध आहे. पण चारुताने नियमाप्रमाणे आधी या नव्या इन्क्यूबेटरचं तापमान घेतलं, तर ते एकोणचाळीस निघालं. "कालपासून जरा कणकण आहे," तो अपराधी सुरात म्हणाला. बिघडलेलं उपकरण म्हणून त्याला घरी पाठवण्यात आलं आणि नऊच्या नऊ बाटल्या चारुताच्या पोटाला क्रेप बँडेजने बांधल्या गेल्या. मधोमध थर्मामीटरची तार खोचली. वर सैल कुडता चढवला.

पहिली नोंद आली चौतीस पॉइंट दोन. माणूस सदतीस अंशांवर चालतो तो आतून, कातडी बाहेर जरा काटकसर करते, हे सरांनी सांगितलं नव्हतं. तेव्हा मे महिन्याच्या पनवेलमध्ये चारुताने प्रयोगशाळेतली जुनी घोंगडी अंगाभोवती लपेटली आणि विचुंब्याला जायला रिक्षात बसली. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि काही न विचारता रिक्षा हळू चालवायला सुरुवात केली, खड्डेसुद्धा चुकवले.

विचुंब्याला चारुता रमामावशीकडे राहायची. मावशीने दार उघडताच घोंगडी पाहिली, पोट पाहिलं आणि सगळं ऐकून घेतलं. एखादी किंचाळली असती. मावशी पदर खोचून कामाला लागली. तिने पंखा बंद केला, भाचीला ओट्याशी गॅसजवळ बसवलं आणि स्वतः दर तासाला थर्मामीटर वाचायला लागली. "छत्तीस पॉइंट नऊ. लिही. आता मी पुरणाला डाळ लावते म्हणजे अजून जरा वाढेल." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या स्वयंपाकघराला विज्ञानाच्या कामाला लावत होतं. ती इतकी रंगली की दुपारची झोपही विसरली. चारुता घामाने निथळत होती, पण तिलाही आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दुपारी दोनला तिने कुडता किंचित वर करून पाहिलं. झऱ्याच्या तिन्ही बाटल्या काळ्याकुट्ट पडल्या होत्या आणि मडक्याच्या तिन्ही स्वच्छ होत्या. आता फक्त सोमवारपर्यंत कळ काढायची होती.

कळ काढता आली असती, पण पाच वाजता सोसायटीची मीटिंग होती. विषय पिण्याच्या पाण्याचा, आणि मावशीने आठवड्यापूर्वीच सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं की आमची चारुता पाण्याची डॉक्टर आहे, ती येऊन बोलेल. चारुताने जायला नकार दिला. मावशी म्हणाली, "खाली पार्किंगमध्येच तर आहे. पंखेसुद्धा नाहीत. तुझ्या बाटल्यांना उलट बरंच."

या युक्तिवादात चूक काढता येत नव्हती. चारुता गेली आणि घोंगडी पांघरून मधल्या रांगेत बसली. सेक्रेटरी शैलेश पाटलांनी माइक हातात घेतला. पाटील म्हणजे व्यवस्थित माणूस. नोटीसबोर्डावर 'टाकी दर सहा महिन्यांनी साफ केली जाते' अशी पाटी त्यांनीच लावलेली, तारखांसकट. ते टँकरच्या पाण्याबद्दल बोलत असताना पुढच्या खुर्चीतल्या काकूंचा चष्मा पडला. चारुता तो उचलायला वाकली, आणि वाकताना पोटाशी बारीक 'टक्' झालं.

झऱ्याच्या एका बाटलीचं झाकण निघालं होतं. ते काळं पाणी नुसतं काळं नसतं. सडलेल्या अंड्यांची एक टोपली उन्हात ठेवली तर जो वास येईल, तो आधी तिसऱ्या रांगेत, मग पाचव्या रांगेत आणि शेवटी माइकपाशी पोचला. पाटील बोलता बोलता थांबले. लोकांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. माना हळूहळू मधल्या रांगेकडे वळायला लागल्या तशी चारुता घोंगडीत आणखी आत गेली.

भाचीच्या अब्रूचा प्रश्न आहे म्हटल्यावर रमामावशीने मागचापुढचा विचार केला नाही. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ड्रेनेजचा वास आहे हा. पाण्याच्या टाकीत ड्रेनेज शिरलंय."

पार्किंगखालीच टाकी होती. दीडशे माणसांनी एकदम आपापल्या पायांकडे पाहिलं. मग कुणाला सकाळच्या चहाची चव वेगळी लागलेली आठवली, कुणाचं कालपासून पोट दुखत होतं, एका आजोबांना तर गेल्या दिवाळीपासूनचं सगळं आठवलं. पाटलांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि माइक चारुतासमोर धरला. "आपल्यात एक तज्ज्ञ बसल्यात. मॅडम, तुम्ही सांगा, पाणी खराब आहे का?"

खरं सांगावं, तर पोटाला बांधलेली घाण मीटिंगमध्ये आणली म्हणून लोक बाटल्यांसकट बाहेर काढतील आणि उद्याची समिती बोंबलेल. खोटं सांगणं तिच्या रक्तात नव्हतं. तेव्हा चारुताने संशोधक अशा वेळी जे बोलतात तेच बोलून टाकलं.

"तपासल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही," ती म्हणाली.

संशोधकांच्या भाषेत याचा अर्थ 'मला माहीत नाही' असा होतो. सोसायटीच्या भाषेत तो 'संपलं सगळं' असा झाला. दहा मिनिटांत चौसष्ट घरांचं पाणी बंद झालं. पोरं जार आणायला पळाली, बायकांनी पिंपं ओतून दिली, कुणीतरी नगरसेवकाला फोन लावला. थर्मामीटर बघायची वेळ झाली म्हणून चारुताने बघितलं, तर ते सदतीस पॉइंट नऊ दाखवत होतं. तिने नोंद केली.

आता मात्र तिला राहवेना. ती उठली आणि पाटलांना बाजूला घेऊन सगळं कबूल करायला निघाली. पण तोवर प्लंबर अंकुशने टाकीचं झाकण उचललं होतं आणि मोटर लावून पाणी उपसायला घेतलं होतं. अंकुश शेजारच्या गावचा, कमी बोलणारा. तो बॅटरी घेऊन खाली उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. मग आतून एकेक वस्तू यायला लागली. सात क्रिकेटचे बॉल. एक चप्पल. वास्तुशांतीचा म्हणून कुणीतरी सोडलेला नारळ. ओळख पटवण्यापलीकडे गेलेलं एक कबूतर. आणि मग घमेली भरभरून गाळ.

पाटील झाकणाशी वाकून म्हणाले की हा गाळ गेल्या सहा महिन्यांतला असेल.

"नाय साहेब," आतून अंकुशचा आवाज घुमला. "बिल्डिंग झाल्यापासून या टाकीत पाय ठेवणारा पयला मानूस मीच हाय. खाली अजून बिल्डरचं शिमिट हाय."

सगळ्यांनी नोटीसबोर्डाकडे पाहिलं. पाटलांनी माइक बंद केला. मग पुढच्या काकू वळल्या आणि चारुताचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नुसत्या वासावरून ओळखलंस गं." चारुता म्हणत होती की माझं ऐका, वास टाकीचा नव्हता. लोकांना तो विनय वाटला. मावशी तिला ओढतच घरी घेऊन गेली, कारण नऊतल्या उरलेल्या आठ बाटल्यांना पुरणाची ऊब हवी होती.

सोमवारी दहा वाजता चारुताने बँडेज सोडलं. एक दिवस आणि एक रात्र ती त्या बाटल्यांसाठी कुशीवर वळली नव्हती. त्या टेबलावर ओळीने मांडल्यावर तिला पोटाशी एकदम मोकळं मोकळं वाटलं आणि ते काही बरं वाटेना. मडक्याच्या तिन्ही बाटल्या अजून स्वच्छ होत्या. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताप उतरलेल्या प्रणितने तर त्यांचे सतरा फोटो काढले.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी बाटल्यांकडे एकदा बघितलं आणि तापमानाची वही मात्र ओळ न् ओळ वाचली. "इथे पाच वाजून वीस मिनिटांनी सदतीस पॉइंट नऊ. तुमच्या इन्क्यूबेटरला तेव्हा काय झालं?"

"सोसायटीची मीटिंग होती, मॅडम," चारुता म्हणाली, आणि मग तिने घोंगडीपासून कबुतरापर्यंत सगळं सांगून टाकलं. झाकण निघालेली नववी बाटली तिने आपणहून बाद केली. कृष्णकांत सर छताकडे बघत होते. मॅडम चष्मा पुसता पुसता इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि त्यांनी ते कुठलं आहे हे विचारूनच घेतलं. दुसरं वर्ष मंजूर झालं. अट एकच होती. पुढच्या चाचण्या वाडीतच करायच्या, विजेशिवाय, आणि माणूस न वापरता.

ही अट घेऊन चारुता आणि प्रणित पुढच्या आठवड्यात वाडीत गेले. ज्यांच्या घरी मडकं ठेवलं होतं त्या शुक्रीबाईंनी सगळी हकिकत ऐकून घेतली. पोटाला बाटल्या बांधून ती रात्रभर बसली, हे ऐकल्यावर त्यांनी चारुताकडे फार मायेने पाहिलं.

"एवडा तरास कशाला घेतलास, बाय? कोंबडी बसवायची ना. माजी बसलीच हाय खुडूक."

घराच्या कोपऱ्यात, फुटक्या घमेल्यात, तांबडी कोंबडी पाच अंड्यांवर बसली होती. चारुताने थर्मामीटरची तार तिच्या पंखाखाली सरकवली. सदतीस पॉइंट सहा. तासाने पाहिलं, सदतीस पॉइंट सहा. मग तिने नव्याने भरलेल्या नऊ बाटल्या अंड्यांशेजारी सरकवल्या. प्रणित वाडीत मुक्कामाला राहिला आणि दोन दिवस नोंदी करत राहिला. त्याच्या बोटावर दोनदा चोच बसली, पण तापमान ढळलं नाही. ना कोंबडीला सोसायटी होती, ना समिती. गाइडची गरज तर नव्हतीच.

अठ्ठेचाळीस तास भरले तेव्हा चारुता बाटल्या न्यायला आली. कोंबडी पिसं फुलवून, मान ताणून तिच्यावर धावली. शुक्रीबाईंनी कोंबडीला अलगद धरलं तेव्हा कुठे नऊ बाटल्या बाहेर आल्या. परत बसल्यावर तिने चोचीने अंडी चाचपली, इकडे शोधलं, तिकडे शोधलं आणि चारुताच्या पिशवीकडे पाहून घशातल्या घशात कुरकुर करायला लागली.

"तिला आता आपलीच वाटत असतील ती," शुक्रीबाई म्हणाल्या. "इसरंल दोन दिसांत."

चारुता दारापर्यंत गेली आणि परत आली. तिने पिशवीतून एक कोरी बाटली काढली, तळहातात धरून जराशी कोमट केली आणि हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवली.