घाटातला देखावा

"खालच्या गिअरमध्ये घे," ग्लेनिस म्हणाली.

"ऑटोमॅटिक आहे. तिचं तिला कळतं," मर्व्ह म्हणाला.

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सच्या किनाऱ्यावरून आथर्टनच्या पठारावर जाणारा घाट नुकताच लागला होता. वर मुलगी जेवायला वाट बघत होती. गाडीमागे भलीमोठी कॅरॅव्हॅन होती आणि तिच्यात पलंग, फ्रिज आणि ग्लेनिसच्या मते मर्व्हचं निम्मं गॅरेज. निघण्यापूर्वी जावयाने, ब्रेटने, फोनवर नीट समजावलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. सपाटीवर तो दोघांना घट्ट धरून ठेवतो, पण ओझं ओढत चढायला लागलं की ती पकड सुटते, आतलं तेल नुसतं घुसळत राहतं आणि तापतं; म्हणून चढावर खालचा गिअर घ्यायचा. मर्व्हने हं हं केलं होतं. ग्लेनिसने ऐकलं होतं.

आता इंजिन कोकलत होतं आणि गाडी रमतगमत चालली होती. एका वळणावर स्टिअरिंगसमोर तेल तापल्याचा लाल दिवा लागला. मर्व्हने मुकाट्याने गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली.

"इंजिन बंद करू नकोस. न्यूट्रलला चालू राहू दे, तेल फिरून निवेल," ग्लेनिस म्हणाली. "हेही ब्रेटनेच सांगितलं होतं."

तेवढ्यात मागे दुसरी कॅरॅव्हॅन येऊन थांबली. लायल नावाचा टोपीवाला गृहस्थ उतरला. "काय दोस्ता, काही बिघाड?"

"छे छे. देखावा बघायला थांबलो."

एका बाजूला तांबड्या मातीची दरड होती, दुसऱ्या बाजूला घाणेरीची झुडपं आणि कलंडलेला कचऱ्याचा डबा. लायलने दरड बराच वेळ न्याहाळली. "छान आहे," म्हणाला आणि त्याने खुर्च्या काढल्या.

मग पुढच्या बाजूला होबार्टचं एक जोडपं आपली कॅरॅव्हॅन लावून येऊन टेकलं. चहा झाला, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक फिरले. सगळे दरडीकडे बघत बसले, तेव्हा मर्व्हला काहीतरी बोलणं भाग पडलं. "संध्याकाळच्या उन्हात ही माती फार सुंदर दिसते."

"मग थांबूच की," होबार्टवाला म्हणाला.

ग्लेनिस गाडीत डोकावून आली. "दिवा गेलाय. चल निघू."

"कसं निघणार? पुढे ते, मागे हा."

"मग सांग त्यांना."

मर्व्हने घसा खाकरला. "मंडळी, खरं सांगतो. देखावा वगैरे काही नाही. माझा गिअरबॉक्स तापला होता."

सगळे आपापल्या गाड्यांकडे बघू लागले. तेव्हा कुठे मर्व्हच्या लक्षात आलं, की तिन्ही गाड्यांची इंजिनं अजून चालूच आहेत.

लायलने कप खाली ठेवला. "माझाही. तुला थांबलेलं बघितलं आणि जिवात जीव आला."

होबार्टची बाई नवऱ्याकडे वळली. "आणि मला म्हणालास, 'मला मातीची आवड आहे.'"

ग्लेनिस हसायला लागली, मग सगळेच. हसू ओसरत होतं तोच खालून आणखी एक कॅरॅव्हॅन कण्हत वर आली आणि थांबली. चालवणाऱ्याचे कान लाल झाले होते. शेजारची बाई हाताची घडी घालून समोर बघत होती. इंजिन तसंच ठेवून तो उतरला आणि दरडीकडे बघत उभा राहिला.

"छान जागा आहे," तो म्हणाला.

"आहेच," म्हणत मर्व्हने त्याच्यासाठी खुर्ची उघडली. "बस. साखर किती?"