काचेवरचं पाणी

आमचे घरमालक बबननाना आठ महिने एकच दुरुस्ती करताहेत. रोज सकाळी साडेआठला. जुन्या व्हॅनच्या पुढच्या काचेवर पाणी उडत नाही, ही. व्हॅन कुठे जात नाही, येत नाही. रहाटणीतल्या आमच्या बिल्डिंगखाली उभी असते, आणि तिची काच हिंजवडीकडे रांगत निघालेल्या सगळ्या कॅबपेक्षा स्वच्छ असते. मग पाणी हवंय कशाला? पण हे नानांना विचारणार कोण?

नाना जुने गाववाले. शेताच्या जागी बिल्डिंग आली, बिल्डिंगमध्ये आम्ही भाडेकरू आलो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणून नानांनी माझं बारसंच केलंय. "काय कॉलिटी, उठला का?" असं खालून ऐकू आलं की समजायचं, व्हॅनचं झाकण उघडलं.

पद्धत ठरलेली. आधी काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, धरून खाली आणायचं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं. काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय. डॉक्टर म्हणाले, या हाताला रोज काम द्या, नाहीतर तो कायमचा गेला. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला पाण्याची दांडी असते. ती ओढायचं काम नानांनी काकूंना दिलं.

"ओढ गं!" नाना समोरून ओरडतात. काकू ओठ आवळून हात कसाबसा दांडीपर्यंत नेतात, धडपडतात, कपाळाला घाम येतो. पाणी काही येत नाही.

"तुजं काय न्हाई," नाना लगेच म्हणतात, "मोटरच हरामखोर हाय."

मग खोलाखोल. पाण्याच्या टाकीतल्या छोट्या मोटरला कान लावणार. "माणूस खोटं बोलंल, मोटर न्हाई," हे ठरलेलं वाक्य. फ्यूज काढून धोतराला पुसणार, नळीत फुंकणार, काचेखालच्या बारीक भोकात सुई घालणार. सगळं परत जोडलं की हात झटकून, "उद्या बघू."

अहो, जोडल्यावर तपासून तर बघा! न तपासता माल सोडला तर आमच्या कंपनीत घरचा रस्ता दाखवतात. माझं तर डोकंच उठलं होतं.

एका रविवारी मी नवी मोटर घेऊनच खाली गेलो. नाना "ऱ्हाऊ दे रं" म्हणत होते, पण ऐकतो कोण! नवी बसवण्याआधी जुनी तपासायची, ही आमची खोड. काकूंच्या शेजारच्या सीटवर बसलो, हात लांबवला आणि दांडी ओढली.

सर्रकन पाणी उडालं. काच भिजली, नानांची टोपी भिजली.

"नाना, मोटर ठणठणीत आहे!" मी आनंदानं ओरडलो. "बिघाड नव्हताच कधी!"

नानांचा चेहरा खाडकन उतरला. काकू मांडीवर पडलेल्या हाताकडे बघत होत्या. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला, आणि वाटलं, जीभ हासडून टाकावी.

दुसऱ्या दिवशी काकू खाली आल्या नाहीत. तिसऱ्याही नाहीत. चौथ्या दिवशी नाना माझ्या दारात. शिव्या खायच्या तयारीनं मी मान खाली घातली, पण त्यांच्या आवाजात जीवच नव्हता.

"कॉलिटी, ती हात हलवायलाबी तयार न्हाई. एवढं कर बाबा. तिला सांग, तू त्या रविवारी पहाटेच नवी मोटर लावली व्हती. जुनी खराबच व्हती."

नवी मोटर अजून खोक्यात, माझ्या टेबलावर होती. नानांना जिन्यात थांबवून मी वर त्यांच्या घरी गेलो आणि त्या माउलीला धडधडीत खोटं सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "पयल्या दिसापास्नं ठावं हाय मला. मोटर चांगली हाय, हातच चालत न्हाई."

मी विचारलं, "मग खाली का येत नाही काकू?"

"त्या दिशी खोटं उघडं पडलं, तवा ह्येंचं त्वांड बघवंना." त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "जावा. ह्यास्नी सांगा, पटलं तिला."

जिन्यात येऊन मी नानांना तसंच सांगितलं. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा जड गेलं.