मधमाश्यांच्या मागे

धाकटीने संख्याशास्त्राचं पुस्तक काल संध्याकाळी कॉलेजच्या वाचनालयात, मधमाशीपालनाच्या कपाटात, सर्वांत खालच्या फळीवर, जाडजूड ग्रंथांच्या मागे दडवलं होतं. आणि आज नेमके त्याच कपाटासमोर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते.

पुस्तक दडवायची अक्कल तिच्या थोरल्या बहिणीची. ताई याच कॉलेजातून शिकून गेलेली. "गणितं सोडवून दाखवलेली एकच प्रत आहे, तीही सहसा घरी नेऊ देत नाहीत, आणि वर्गात पोरं ढीगभर," तिने बजावलं होतं. "चाचणीच्या आदल्या दिवशी ती हाती नसली, तर गेलीस कामातून. मधमाश्यांकडे ठेव. तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. फक्त चोर फार. माझं पुस्तक दर वेळी कुणीतरी तिथून पळवायचं."

चिटपाखरू फिरकत नाही तिथे चोर कसे येतात, हे विचारायचं धाकटीला सुचलं नाही. सुचणार कसं? पहिल्या चाचणीत ती सपशेल आपटली होती. उद्या दुपारच्या चाचणीतही आपटली, तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नव्हते. संख्याशास्त्राचे सर तसं सगळ्या वर्गासमोर, तिच्याकडे बघून म्हणाले होते.

तिने कपाटाभोवती दोनचार घिरट्या घातल्या. म्हाताऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मधमाश्या हव्यात?"

"हो... म्हणजे, सहज बघत होते."

झालं! म्हातारे ताडकन उठले. ते कॉलेजचे निवृत्त प्राध्यापक होते, आणि हे अख्खं कपाट त्यांनीच देणगी म्हणून दिलं होतं. आपली पुस्तकं कोण वाचतं हे बघायला ते अधूनमधून येऊन बसत, आणि आजवर कुणी म्हणजे कुणी आलं नव्हतं.

"मॅडम!" त्यांनी वाचनालयातली शांतता पार मोडून टाकली. "वाचक आला!"

ग्रंथपाल बाई धावत आल्या. "अगंबाई, खरंच? पहिल्या वर्षाची ना तू? बघा सर, मी म्हणत होते ना!"

"मला फक्त खालच्या फळीवरचं..." धाकटीने वाकून हात घातला. सरांनी तो हलकेच बाजूला केला.

"ते नको, बाळ. ते फार अवघड आहे. आपण राणी माशीपासून सुरुवात करू."

राणी माशीनंतर कामकरी माश्या आल्या, मग पोळं आलं, मग पोळ्याला होणारे रोग आले. धाकटीने घड्याळाकडे बघितलं, की सर म्हणत, "हो हो, वेळ कसा जातो कळतच नाही." तिला रडू येत होतं. सरांना वाटलं, रोगांचं ऐकून मुलगी हळवी झाली. तेवढ्यात बाईंनी तीन जाडे ग्रंथ तिच्या नावावर चढवूनसुद्धा आणले. "आग्रहाने देतेय हं," त्या म्हणाल्या.

वाचनालय बंद व्हायच्या सुमारास सर एकदाचे गेले. धाकटी जमिनीवर आडवीच झाली आणि तिने ग्रंथांच्या मागे खांद्यापर्यंत हात घातला. धूळ. नुसती धूळ.

"मेले चोर!" ती ओरडली. "मॅडम, इथलं संख्याशास्त्राचं पुस्तक कुणी नेलं?"

"मी," बाई दिवे मालवता मालवता म्हणाल्या. "रोज संध्याकाळी इथली पुस्तकं जागेवर नेऊन ठेवते. कुठली कुठली पोरं कुठे कुठे कोंबतात!"

"म्हणजे आज दिवसभर ते..."

"संख्याशास्त्राच्या कपाटात. अजून असेल. तिथे कोण बघतंय?"

धाकटी धावली. पुस्तक समोरच होतं, डोळ्यांच्या रेषेत. तिने ते छातीशी धरलं आणि बाईंच्या टेबलाशी आली.

"एका रात्रीपुरतं देता?"

"दिलं असतं गं. पण तुझ्या नावावर तीन आहेत. पहिल्या वर्षाला तीनच मिळतात."

"मग या मधमाश्या परत घ्या!"

"आज नेलेलं आज परत घेता येत नाही. नियम आहे. आणि सरांना काय वाटेल?"

धाकटीला त्या क्षणी सरांचा, ताईचा, बाईंचा आणि यच्चयावत माश्यांचा मनस्वी संताप आला. पुस्तक पुन्हा कुठेतरी कोंबावं म्हणून ती वळली. मग थबकली. तिने थोडा विचार केला आणि पुस्तक संख्याशास्त्राच्या कपाटात, त्याच्या स्वतःच्या जागी, नीट उभं करून ठेवलं. मग मधमाश्यांचं ओझं काखेत मारून ती घरी गेली.

सकाळी वाचनालय उघडताना ती दारातच होती. पुस्तक जागचं हललं नव्हतं. ते घेऊन ती खिडकीजवळ बसली आणि दुपारपर्यंत गणितं सोडवत राहिली.

पलीकडे मधमाशीपालनाच्या कपाटासमोर तिचा जवळजवळ सगळा वर्ग जमला होता. कुणी गुडघ्यांवर, कुणी पोटावर, जो तो ग्रंथांमागे हात घालून तीच एक प्रत चाचपडत होता; मधमाश्यांची युक्ती काही एकट्या ताईलाच ठाऊक नव्हती. सर आनंदाने एकेकाला उठवून राणी माशीपासून सुरुवात करत होते.

बाई धाकटीजवळ आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "बघ, एकीने सुरुवात केली की बाकीच्यांनाही वाचनाची गोडी लागते."