फ्रॉकमधली ती मैत्रेयी

"बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवला नाई!"

हे वाक्य हरिभाऊंच्या तोंडून ज्याने ऐकलं नाही, तो माणूस हिंगणघाटात एकतर कालच राहायला आलेला असावा, नाहीतर ठार बहिरा असावा. हरिभाऊ एका सरकारी कचेरीत अभिलेखपाल होते, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीचे राजे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. राज्य गेलं, पण रुबाब गेला नाही. घरातल्या विजेच्या बिलांच्या फाईललाही ते अजून 'नस्ती' म्हणत आणि चहा मागताना 'तातडीचे' असा शेरा मारत. सुनीतीबाई शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे त्यांना कसलाही विद्यार्थी सांभाळायची सवय होती.

तर झालं असं. मुलगी मैत्रेयी पुण्यात नोकरीला. कारंजा घाडग्याच्या पियुषशी तिचं लग्न जमलेलं आणि साखरपुडा येत्या रविवारी, हिंगणघाटातच. सोमवारी तिचा फोन आला.

"बाबा, स्टेजच्या बाजूला माझ्या लहानपणच्या फोटोंचं एक फ्लेक्स लावायचं आहे. नऊच फोटो लागतील. आई हिंगणीहून आली की तिला काढून ठेवायला सांगाल?"

"आईले काऊन? मी मेलो का?"

"तसं नाही हो बाबा. पण तुम्हाला ओळखू येतील का? तुम्ही तर तेव्हा कायम ऑफिसातच असायचे."

पोरगी सहज बोलून गेली, पण हरिभाऊंच्या ते जिव्हारी लागलं. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं! पण गोष्ट खरी होती. मुलं रांगली, चालली, पडली, बोबडं बोलली, आणि हे सगळं हरिभाऊंना रात्री जेवताना तोंडी अहवालाच्या स्वरूपात कळलं. आता पोरगी सासरी जायच्या आत तिला दाखवून द्यायचं होतं की बापालाही तिचं बालपण ठाऊक आहे. एवढंच त्यांना हवं होतं. फार मोठं मागणं नव्हतं.

"तू आता काहीच पाहू नको," ते म्हणाले. "नऊ फोटो, फ्लेक्स, सगळं माझ्याकडे. गोपनीय! डायरेक्ट रविवारी पाहाजो."

सुनीतीबाई हिंगणीला भावाकडे गेल्या होत्या. वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिथे रेंज फक्त घरामागच्या बांधावर मिळायची, आणि हरिभाऊंना तर त्यांना विचारायचंच नव्हतं. विचारलं तर मग बाप कसला?

मंगळवारी सकाळी त्यांनी दिवाणातून तीन आल्बम काढले. फोटो नुसते कसेही लावलेले! थोरला मुलगा शौनक, त्याच्यानंतर मैत्रेयी, मैत्रेयीनंतर कुणाचं तरी लग्न, मग पुन्हा शौनक. हरिभाऊंचा जीव कळवळला. कचेरीत त्यांनी हयातभर सहा गठ्ठ्यांची पद्धत चालवली होती. चालू कागद एका गठ्ठ्यात, थांबलेले दुसऱ्यात, असं करत करत नष्ट करायचे सहाव्यात. तीच पद्धत घरी लावायची त्यांनी ठरवलं. गठ्ठा एक मैत्रेयी, गठ्ठा दोन शौनक, तीन देवधर्म, चार लग्नकार्य, पाच 'ओळख पटत नाही', सहा रद्द.

सगळे फोटो त्यांनी आल्बममधून सोडवले. प्रत्येक फोटोखाली सुनीतीबाईंनी सुवाच्य अक्षरात नाव, वय, तारीख लिहून ठेवली होती. पण ते पानावर होतं, फोटोवर नव्हतं. 'आता आपलं नवं रजिस्टर होणार, मग या जुन्या नोंदी कशाला? दुबार काम!' असं म्हणून हरिभाऊंनी रिकामे आल्बम दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले. वर अभिमानाने हातही झटकले.

मग दिवाणखान्यात दोनशे चाळीस फोटो पसरून ते मधोमध बसले, आणि पहिलाच फोटो उचलून थबकले.

एक बाळ हसत होतं. कोणाचं बाळ?

दुसरा उचलला. तेच बाळ, की दुसरं बाळ? गुटगुटीत गाल, कपाळावर काजळाची तीट, आणि चेहऱ्यावर मतदार यादीतल्या फोटोइतकीच ओळख!

नावं तर आल्बमच्या पानांवर गेली होती! हरिभाऊ चप्पल न घालता धावले. भंगारवाला सापडला, पण आल्बम सापडले नाहीत. त्याने प्लास्टिक वेगळं, पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा करून माल पुढे पाठवूनही टाकला होता. अर्ध्या तासात! इतकी चोख वर्गवारी हरिभाऊंच्या कचेरीत कधी झाली नव्हती.

घरी आले तर शेजारचे बबनराव येऊन बसलेले. बबनराव एसटीतून निवृत्त झालेले, आणि कोणत्याही अडचणीत सल्ला द्यायला सदैव मोकळे.

"काय करून राह्यले जी, हरिभाऊ?"

"वर्गवारी." हरिभाऊंनी आवाज शक्य तितका सरकारी ठेवला. "पन आता कोनता फोटो पोट्टीचा अन् कोनता पोट्ट्याचा, हे ठरवाचं आहे."

"त्यात काय मोठं? फ्रॉक घातला तर पोट्टी, शर्ट घातला तर पोट्टा! झालं तुमचं काम!"

हरिभाऊ बबनरावांकडे पाहतच राहिले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका सुटसुटीत नियम त्यांना कोणी दिला नव्हता. भराभर गठ्ठे झाले. फ्रॉक इकडे, शर्ट तिकडे. परकर-पोलकं, दोन वेण्या, त्यात गजरा, अशा एका गोबऱ्या पोरीचे तर सहा फोटो एकापेक्षा एक सुंदर निघाले. त्यातल्या एकात तिचा हात धरून एक छोटं पोर शर्टचड्डीत उभं होतं, अंगठा तोंडात घालून.

"हा शौनक," हरिभाऊ म्हणाले.

"पन शौनक मोठा आहे नं, हरिभाऊ? इथं तर पोट्टीच मोठी दिसून राह्यली."

"पोट्ट्या लवकर वाढतात, बबनराव!" हरिभाऊंनी आक्षेप फेटाळला, आणि फ्लेक्स मैत्रेयीचं असल्यामुळे कात्रीने शर्टचड्डीला कापून बाजूला काढलं.

झोपाळ्यावरच्या फ्रॉकवाल्या मुलीचे दोन फोटो पाहून तर बबनरावांचे डोळेच भरून आले. "काय गोड होती हो तुमची पोट्टी! अशी लेक नशिबानं भेटते!" नववा फोटो काळापांढरा होता. हरिभाऊंना तो कलात्मक वाटला.

गुरुवारी फ्लेक्स छापून आलं. त्याच दिवशी पियुषच्या आईचा, देवकाबाईंचा फोन आला.

"इवाईजी, सूनबाईचा लहानपनचा एखादा फोटो मले पाठवा ना. मले लय हौस आहे."

हरिभाऊंना वाटलं, एवढा मान! त्यांनी गजरा घातलेल्या पोरीचा सर्वात सुंदर फोटो पाठवून दिला, खाली लिहिलं: 'कु. मैत्रेयी. वय अंदाजे तीन. खात्री केली.' देवकाबाईंकडून लगेच आवाजी निरोप आला. "बाप्पा! दृष्टच काढा पोरीची!" हरिभाऊंनी तो निरोप दिवसभरात अकरा वेळा ऐकला.

शनिवारी सुनीतीबाई परतल्या. "फ्लेक्स दाखवा ना जी."

"गोपनीय."

"अन् आल्बम कुठं ठेवले?"

"सुरक्षित आहेत," हरिभाऊ म्हणाले, आणि रेल्वे स्टेशनवर मैत्रेयीला आणायला जायचं निमित्त करून गाडी यायच्या दोन तास आधी घरातून निघाले.

रविवारी हॉल भरला. शौनक नागपूरहून आला होता. तो आता बँकेत अधिकारी, झुपकेदार मिशी, आणि जिममध्ये कमावलेले दंड सदऱ्यातून बाहेर पडू पाहणारे. फ्लेक्सवर चादर टाकलेली. ओटी भरून झाली, अंगठ्या झाल्या, आणि देवकाबाईंनी लाल कागदात गुंडाळलेली एक भली मोठी वस्तू मैत्रेयीच्या हातात दिली.

"आमच्या समोरच्या खोलीत लावाले केली मी. पन पहिले तू पाह्य."

मैत्रेयीने कागद काढला. सोनेरी चौकट. आत परकर-पोलकं, दोन वेण्या, गजरा. ती पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई... हा तर दादा आहे."

सगळा हॉल शौनककडे वळला. शौनकने मिशीवर हात ठेवला, जणू ती झाकली तर कोणी ओळखणार नाही!

"हाव, शौनकच आहे," सुनीतीबाई पुढे येत म्हणाल्या. "त्याचं जावळ तिसऱ्या वर्षी काढाचा नवस होता. केस लांब वाढलेले, म्हणून काढाच्या आधी हौसेनं वेण्या घातल्या, परकर नेसवला, महिनाभर फोटो काढले. आपल्याकडे काढतेतच नं! तुमाले आठवत नाई का, अजी?"

"त्या महिन्यात... मी वर्ध्याले ऑडिटले गेलतो," हरिभाऊ पुटपुटले.

तेवढ्यात फ्लेक्सवाल्याने आपलं कर्तव्य म्हणून चादर ओढली.

'आमची मैत्रेयी! बालपणाची सुवर्णपाने.' सुनीतीबाईंनी चष्मा लावला आणि वर्गात पेपर तपासावा तसं फ्लेक्स तपासायला घेतलं.

"हा शौनक. हा शौनक. हा बी शौनक. हे पुढचे तिन्ही शौनक." त्या झोपाळ्यावरच्या दोन फोटोंपाशी आल्या. "अन् ही आपली पोट्टीच नाई! ही बबनरावांची पोट्टी, प्रेरणा व्हय. आपल्याच झोपाळ्यावर तर खेळे रोज."

बबनराव खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या शेजारी त्यांच्या सौभाग्यवती मंदाबाई बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर बबनराव पूर्ण बसले.

"अन् हा काळापांढरा?"

"मले कलात्मक वाटला," हरिभाऊ म्हणाले.

"ते मी व्हय! माझ्या बाबांनी काढला होता, अडुसष्ट साली!"

हॉलमध्ये हास्याचा असा स्फोट झाला की आचारी कढई सोडून बाहेर आला. पियुष वाकून वाकून हसत होता. पियुषचे वडील, नानाजी, तेवढे हसले नाहीत. ते हरिभाऊंच्या कानाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "इवाई, मनाले लावून घेऊ नका. आमच्या पियुषची जन्मतारीख मले अजून याद नाई. लग्नाच्या नोंदणीले तारीख लागन, तवा तुमीच त्याच्या आईले विचारजा, म्हणजे मले विचाराची पाळी येनार नाई."

पण मैत्रेयी हसत नव्हती. ती फ्लेक्सजवळ उभी होती. शौनकच्या परकराजवळ, कात्रीच्या कडेला, एक इवलासा हात दिसत होता. मनगटापर्यंतच. पुढचं पोर नव्हतं.

"आई, हा हात कोणाचा?"

"तुझा, बेटा. दीड वर्षाची होतीस. शौनकचे जुने शर्टच घाले तू तेव्हा. फ्रॉक घातला की रडे."

हरिभाऊंना कळलं. दोनशे चाळीस फोटोंतून निवडून, तीन दिवस खपून, त्यांनी आपल्या मुलीच्या फ्लेक्सवर तिची चार बोटं ठेवली होती, आणि तीही चुकून राहिलेली! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्याने रडावंसं वाटलं, पण साठीच्या माणसाने मुलीच्या साखरपुड्यात रडायला निदान निरोपाची वेळ तरी यावी लागते.

"मैत्रेयी," ते कसेबसे म्हणाले, "तू फोनवर बोलली होतीस ते खरं होतं, बेटा. मले नाई ओळखू आली. बाकीचे तुझे सगळे फोटो घरी आहेत. शौनकच्या गठ्ठ्यात."

मैत्रेयी काही बोलणार तोच फोटोग्राफर ओरडला, "चला, मुलीकडचे! पूर्ण फॅमिली! मुलीचे वडील कोण? मुलीच्या बाजूला या!"

हरिभाऊ खाली मान घालून निघाले. स्टेजवर दोन्ही मुलं उभी होती. हॉल एकदम शांत झाला. बघत होता की हा माणूस आता कुणाच्या बाजूला जातो! आणि त्या शांततेत सुनीतीबाईंचा, शाळेच्या मैदानभर पोचणारा आवाज आला:

"अजी, साडीवाली! मिशीवाला नाई!"

पुन्हा सगळे फुटले. हरिभाऊंची पावलं तिथेच अडली. तेव्हा मैत्रेयीच दोन पायऱ्या उतरून आली, तिने त्यांचा दंड घट्ट धरला आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "मीच, बाबा."

हरिभाऊंनी चष्मा पुसला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. फोटोत ते तिच्याकडेच पाहताना आले आहेत. खात्री करत असावेत.