हवालदारकाकांची गोधडीतली जीप

पौष महिन्यात आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत एकच गोधडी बाहेर झोपायची, आणि तिच्याखाली जीप असायची. जीपचे मालक हवालदारकाका आत एका विटक्या चादरीत कुडकुडत पडायचे. "माणूस शिंकून मोकळा होते गा. इंजिनाले शिंकता येत नाही," हा त्यांचा खुलासा.

काकांची फौजेतली नोकरी बर्फाळ डोंगरांत जीप चालवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लिलावात तसलीच एक जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर देणारी. नागपुरात चार चाकांचा जोर कशाला, असं विचारायची सोय नव्हती. माझं बीएचं इंग्रजी राहिलं तेव्हा ते म्हणाले, "दोन चाकांवर काहून अभ्यास करून राहिला? चारही लाव!" शेजारच्या मुलीचं लग्न जमेना, तेव्हा तिच्या बापालाही हाच सल्ला.

थंडी ही त्यांची जुनी वैरीण. सकाळी सहाला युद्ध सुरू व्हायचं. चुलीजवळ ठेवलेली बॅटरी बसवायची, रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचं, मग टायर दाबून बघायचे. "थंडीत हवाबी अंग चोरते." गिअरचं तेल तुपासारखं थिजलेलं, त्यामुळे पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा जागचा हलायचा नाही. काका दांड्याला कधी शिवी देत नसत. थंडीला देत, आणि खणखणीत देत. शेवटी इंजिन दहा मिनिटं धडधडायचं. मग काका ते बंद करून घरात. जायचं कुठंच नसे! सगळ्या गल्लीची झोप मोडली की त्यांचा प्रवास संपला.

आणखी एक फौजी खोड होती. गाडी उभी केली की इंजिनातला रोटर काढून ते खिशात टाकायचे. अंगठ्याएवढा काळा तुकडा, पण तो नसला की जीप म्हणजे लोखंडी कपाट. "शत्रूनं गाडी पळवू नये म्हणून." सक्करदऱ्यात त्यांना शत्रू कुठला मिळणार? फार तर मी.

काकू जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा मुलगा विलास भिलाईहून आला. घर बंद करून वडिलांना घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. "मंग जीप कोण पाहीन?" ही काकांची सबब ठरलेली, म्हणून या खेपेस त्यानं काटोलचा एक संत्रेवाला गिऱ्हाईक म्हणून सोबतच आणला. गिऱ्हाईकाची अट एकच होती. सकाळच्या थंडीत जीप सुरू झाली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गल्ली गोळा झाली. एरवी सगळ्यांदेखत रोटर बसवणारे काका त्या दिवशी बॉनेट आधीच लावून उभे होते. डावा हात खिशात ठेवून त्यांनी हँडल फिरवलं. विलासनं फिरवलं, मी फिरवलं. जीप खोकलीसुद्धा नाही.

"थंडीनं मारलं," काका म्हणाले.

आम्ही थक्क झालो. या माणसानं थंडीपुढं मान तुकवली? गिऱ्हाईक काटोलच्या बसनं परत गेलं. विलास दुपारच्या गाडीनं धुसफुसत परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "काका, रोटर कुठं होता?"

त्यांनी खिशातून मूठ काढून उघडली. रोटर तळहातावर होता.

"अहो, विलास काय शत्रू आहे?"

"नाही गा. पोरगं सोन्यासारखं आहे. पण मी जात नाही! थंडीपुढं हरलो म्हणून गल्ली हसली, तं हसू दे."

रोटर बसला. एकाच झटक्यात जीप धडधडली. दहा मिनिटांनी काकांनी ती बंद केली आणि दोन्ही तळवे ऊन बॉनेटवर टेकवले. मी इतकी वर्षं हे पाहिलंच नव्हतं. शिव्या घालून कूस बदलत होतो. माझी मलाच लाज वाटली.

"तुह्या काकूले लई थंडी वाजे," काका म्हणाले. "शाळेत शिकवाले जायच्या आधी इथं हात शेकत होती. खडू धरता आला पाह्यजे ना."

मीही हात पुढं केले.

"इकडं ये, माह्या बाजूनं," काका म्हणाले. "तिथं तिचे हात असतात."