वाकायचं नाही!

जेवणाच्या डब्यांच्या त्या कारखान्यात सकाळपासून डबे कमी भरले जात होते आणि माफ्याच जास्त मागितल्या जात होत्या.

कारण होता नवा यंत्रहात. बायकांनी डब्यात भात भरायचा आणि या हाताने त्यावर अंड्याच्या पोळीचा तुकडा ठेवायचा. मिझोगुची नावाच्या तरुण इंजिनिअरने त्याच्याकडून एकच धडा घोटून घेतला होता: माणूस जवळ आलं की थांब, दूर गेलं की सुरू हो. आज सुरक्षा तपासनीस येणार होते. ते नाही म्हणाले, तर यंत्र परत जाणार होतं, आणि बहुधा मिझोगुचीही.

पण त्या जपानातल्या फुकुओकाच्या बायका, शब्दागणिक कमरेत वाकणाऱ्या! फुमिएबाईंनी डबा पुढे सरकवला आणि त्या सवयीने हातासमोर वाकून म्हणाल्या, "घ्या हं."

डोकं पुढे आलं. हात थांबला.

"अगंबाई, माझ्यामुळे खोळंबलात! माफ करा." त्या पुन्हा वाकल्या. निघालेला हात पुन्हा थांबला. मग शेजारणीने त्यांच्या वतीने वाकून माफी मागितली. मागे डब्यांचा ढीग लागला.

"कुणीही वाकायचं नाही!" मिझोगुची ओरडला. मोठ्या बायकांवर ओरडलो म्हणून ओशाळला आणि स्वतःच वाकला.

तेवढ्यात तपासनीस कुरोइवा आले. मुकादम तोकुनागा धावत जाऊन कमरेत वाकले. कुरोइवाही वाकले. मध्ये हात ताटकळत उभा.

"बिघडलंय का हे?" कुरोइवांनी विचारलं.

"नाही साहेब, ते ठीक आहे. आमचंच काही खरं नाही," मिझोगुची म्हणाला.

ढीग कोसळायला लागला तशा फुमिएबाई तो सावरायला धावल्या. ओल्या फरशीवर पाय सटकला आणि त्या टेबलावर आडव्या झाल्या, वेगाने येणाऱ्या हाताच्या थेट वाटेत. मिझोगुचीने डोळे गच्च मिटले.

काहीच आवाज आला नाही.

त्याने डोळे उघडले. हात फुमिएबाईंच्या गालापासून बोटभर अंतरावर थांबला होता. चिमटीतला तुकडा पडला नव्हता, चेपलाही नव्हता.

"लागलं का हो?" मिझोगुचीने धावत येऊन विचारलं.

"लागतंय कुठलं," त्या तशाच पडून हाताकडे बघत म्हणाल्या. "इतक्या हळुवारपणे माझ्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं, बाळा."

त्यांना उठवून बसवल्यावर कुरोइवा पुढे झाले. त्यांनी हातासमोर तळवा धरला. हात थांबला. तळवा मागे घेतला. हात निघाला.

"पास," ते पुटपुटले, आणि तळवा पुन्हा पुढे केला.

"साहेब, डबे..." तोकुनागा अजिजीने म्हणाले.

"एकदाच हो," कुरोइवा म्हणाले. "अजून एकदाच."